वाकळ, कात्री आणि सिंगरचे संसार

"पिझ्झा कापायचं यंत्र आनलंसा व्हय, वैनी?"

आधी शेजारच्या आक्कांचा आवाज आला आणि मग कडीपत्त्याच्या फांदीआडून त्यांचा चष्मा. हा कडीपत्ता लावला आम्ही, पाणी घालतो आम्ही, आणि वाढतो मात्र तो आक्कांच्या अंगणात. पण ते असो. मी ओट्यावर खोकं उघडून बसले होते आणि हातात गोल पात्याचा कटर होता, त्यामुळे त्यांना तसं वाटण्यात वावगं काही नव्हतं.

"पिझ्झा कसला आक्का! कापड कापायचं आहे हे. धाकट्या नणंदेनं न्यू जर्सीहून पाठवलंय. तिला तिकडे क्विल्ट शिवायचा नाद लागलाय."

"क्विल्ट म्हंजी?"

"आपली वाकळच, फक्त नव्या कापडाची. दुकानातून चांगलं सुती कापड आणायचं, त्याचे चौकोन-त्रिकोण कापायचे आणि मग तेच परत एकमेकांना जोडायचे."

"धडकं कापड?" आक्का कुंपणाच्या तारेला टेकल्या. "धडक्या कापडाच्या चिंध्या करायच्या, आन् घरातलं कोन कायबी बोलत न्हाई?"

"बोलत नाहीत. उलट वर चटई आणि पट्टी घेऊन देतात. ही बघा."

चटई हिरवी, रबरासारखी, वर इंचांच्या रेघा. तिच्यावर पातं फिरवलं तरी चीर दिसत नाही, मिटून जाते. आक्कांनी तारेतून हात घालून ती चाचपली, वास घेतला आणि परत दिली. कटरचं पातं बघून मात्र त्या थबकल्या. लोखंडाची धार ओळखायला त्यांना शिकवावं लागत नाही.

मी त्यांना कटरची कुळकथा सांगितली. हा गोल कटर १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीनं काढला. काढला होता शिंपीकामासाठी, पण उचलून धरला क्विल्टवाल्या बायकांनी. कंपनीचा मूळपुरुष ओकाडा. त्यानंच आधी १९५६ साली तो टोक मोडत पुढे सरकवायचा चाकू शोधला, आपल्याकडे शाळेच्या मुलांपासून पुठ्ठेवाल्यांपर्यंत सगळे वापरतात तो. चांभार काचेचा तुकडा बोथट झाला की फोडून नवी धार काढतात हे त्यानं पाहिलं होतं, आणि अमेरिकी सैनिकांच्या चॉकलेटची वडी खाचेवर मोडते हेही.

"चाकलेट बगून चाकू सुचला त्येला," आक्का म्हणाल्या. "आमच्या नातवास्नी चाकलेट बगून नुस्ती दातदुखी सुचतीया. पर ह्ये कामाचं हाय का?"

"कामाचं आहे हो. कात्रीचं खालचं पातं कापड उचलतं की नाही? मग चार पदर एकदम कापले तर वरचा एका मापाचा निघतो आणि खालचा भलत्याच. ह्यात कापड चटईवर आडवंच राहतं. वर पट्टी दाबून धरायची आणि तिच्या कडेनं चाक फिरवायचं. पंचेचाळीस मिलिमीटरचं पातं सहा-आठ पदर सहज कापतं. तिकडे शिवणीला मोजून पाव इंच सोडतात. तुकड्यागणिक दोन दोऱ्यांचा फरक पडला तरी शंभर तुकडे जोडेपर्यंत इंच-इंच घोळ होतो."

"आमचं माप ह्ये असं." आक्कांनी दोरीवरचं जुनं धोतर ओढलं, काठाला दातानं इवलीशी चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत वीतभर रुंदीची पट्टी. "लावा तुमची पट्टी. येका दोऱ्याचा फरक दावा."

पट्टी लावायची गरजच नव्हती. साध्या विणीचं सुती कापड फाडलं की चीर एकाच दोऱ्याच्या कडेनं पळते. आडव्या-उभ्या धाग्याला धरून सरळ कापायला अमेरिकेत चटई, पट्टी आणि दिवा लावून बसतात. धोतर ते काम फुकटात करून देतं. कडा जरा चुरगळतात, तेवढी इस्त्री फिरवायची. टी-शर्टचं कापड असं फाटत नाही, जाड तिरक्या विणीचंही हट्ट करतं, आणि तिरपं तर काहीच फाडता येत नाही.

"त्रिकोण फाडून दाखवा आक्का."

"वाकळंला तिरकोन कशाला पायजेत?"

"नक्षीला."

"मग त्येला तुमचं यंतर," आक्कांनी निकाल दिला. तो मला मान्य आहे. लांब पट्ट्या हव्या असतील तर फाडाव्यात. तिरपे तुकडे आणि एकसारखे शेकडो चौकोन हवे असतील तरच चाक. दोन गोष्टी मात्र नणंदेनं बजावून लिहिल्या आहेत. पात्याचं झाकण दर वेळी, हातातून ठेवता क्षणी, बंद करायचं. आणि चटई उन्हात ठेवायची नाही, ती वाकडी होते आणि पुन्हा सरळ होत नाही. हे वाचलं तेव्हा चटई ओट्यावर, भर उन्हात होती. आक्कांनीच ती सावलीत सरकवली.

एवढ्यात पलीकडच्या कारवारच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन फाटकाशी थांबल्या. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्या थांबल्या की दहा मिनिटांत विषय मोगलांपर्यंत जातो, पण आज त्या थेट कात्रीवर आल्या.

"आमच्याकडे काल दुधाची पिशवी कापली हो. माझ्या कापडाच्या कात्रीनं!"

यावर जो एकदम सूर लागला तो गल्लीच्या टोकाला गेला असेल. हे दुःख तिन्ही घरांत सारखं. कापडाच्या कात्रीनं कागद कापू नये, हे घरच्या पुरुषांना कितीही सांगा. कागदात मातीसारखी खनिजं घातलेली असतात, ती धार खातात. हे शास्त्र सांगून झालं, लग्नाचा वाढदिवस झाला, तरी वहिनींच्या कात्रीनं विजेची बिलं उघडली जातात. वहिनींनी आता कात्रीच्या दोन्ही मुठींमधून बॅगेचं छोटं कुलूप घालायचं ठरवलंय.

"कुलूप कशाला?" आक्का म्हणाल्या. "माजी तांदळाच्या डब्यात आसती. हात घालून बगनारा घरात येकबी बाप्या न्हाई."

आक्कांची कात्री मेरठची आहे. काळी पाती, पिवळ्या मुठी, दहा इंची, उचलली की मनगटाला कळतं. मेरठच्या कात्र्यांची साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात आणि २०१३ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पाती भंगारातल्या गाड्यांच्या, रेल्वेच्या पोलादाची, मुठी जुन्या भांड्यांच्या धातूच्या. म्हणजे ही कात्रीसुद्धा जुन्यापासून नवं करणारीच. मला ती आवडते ती एका कारणानं: तिचा स्क्रू उघडतो. पाती सुटी होतात, धारवाला चाकावर धरतो, परत बसवतो आणि त्यात कुणाची वाट लागत नाही. परदेशी कात्री माझ्याकडेही आहे. हलकी, मऊ मुठीची, हात अजिबात दुखत नाही. ती बोथट झाल्यावर धारवाल्यानं फिरवून-फिरवून पाहिली आणि 'बाई, ह्ये उघडतच न्हाई' म्हणून परत दिली. दुखऱ्या अंगठ्याला ती बरी, हेही खरंच. वहिनींचा सांधा धरतो, त्यांनी मेरठची घेऊ नये असं मी स्पष्ट सांगितलं. आक्कांना ते पटलं नाही.

दोरे तोडायला मात्र तिघींचं एकमत: शिंप्याकडे असतो तो चिमट्यासारखा छोटा धागा-कटर. मुठीत राहतो, बोटं अडकवावी लागत नाहीत, आणि पुण्याच्या रविवार पेठेत किंवा आपल्याकडच्या कुठल्याही दोरे-बटणांच्या दुकानात चहाच्या दोन-तीन कपांच्या पैशात मिळतो. दातानं दोरा तोडणाऱ्यांनी आपल्या पुढच्या दाताची खाच आरशात बघावी.

"आन् सुई?" आक्का म्हणाल्या. "अमेरिकंनं सुई धाडलीया का न्हाई?"

धाडली होती. डबीत वेगवेगळ्या जाडीच्या, क्विल्टच्या, बुटक्या. आक्कांनी एक उचलली आणि हसू लागल्या. "ही दात कोरायची." त्यांची वाकळेची सुई बोटाएवढी लांब, जाड, मोठ्या नेढ्याची. सुयांच्या नंबरांचा गोंधळ मी तिथंच सोडवून टाकला, कारण दुकानात तो नेहमी होतो. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचं नेमकं उलटं: नंबर मोठा तशी सुई जाड. नव्वद नंबर म्हणजे नेढ्याच्या वरची दांडी मिलिमीटरच्या नव्वद-शतांश जाडीची. आपला शिंपी तिलाच चौदा नंबर म्हणतो. साध्या सुती कापडाला ती, जाडसर कामाला सोळा, आणि जुन्या जीनचे तुकडे वाकळेत घालणार असाल तर अठरा. हाताला पोळी-भाजी लागलेल्या दुकानदाराला हे सगळं विचारत बसू नये. जुनी सुई कागदात टोचून न्यावी.

"सुया आधी इंग्लंडातल्या रेडिच गावाहून यायच्या ना?" वहिनींमधली शिक्षिका जागी झाली. "एकोणिसाव्या शतकात जगातल्या बहुतेक सुया तिथं व्हायच्या."

"हो, आणि आता पोनीच्या येतात निलगिरीतून. केट्टीला कारखाना आहे, १९४९ पासूनचा." आणि मग मी माझ्याकडची खरी बातमी सोडली. माझी भाची कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास करत होती तेव्हा रात्री-रात्री जागून या सुयांचं भांडण पाठ करायची. परदेशी भागधारकांचा वाटा चाळीस टक्क्यांवर आणायचा असा परकी चलनाचा कायदा, त्यावरून इंग्लंडची मंडळी आणि इथली मंडळी यांच्यात जुंपली, १९७७ साली इथल्यांनी नवे शेअर काढले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल १९८१ सालचा. आजही कंपनी कायद्याच्या पोरांना तो वाचावाच लागतो.

"सुईवरनं सुप्रीम कोर्टात?" आक्कांना हे फार आवडलं. "आमच्या भावकीत बांधावरनं गेल्याली हाईत. पर सुई म्हंजी कमाल झाली."

कुणाचा जय झाला, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं की छळ झाला असं कोर्टानं मानलं नाही, पण बाहेरच्यांचं नुकसान होऊ नये म्हणून इथल्यांनी पैसे भरून द्यायचे. आक्कांनी मान डोलावली. बांधाचा निकालही असाच लागला होता म्हणे.

अंगुस्तानाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. टोक कडक, पिवळसर, टाचणी टोचली तरी कळणार नाही असं. पाटण तालुक्यातल्या पावसात अख्ख्या घराला पुरतील एवढ्या वाकळा त्या बोटानं शिवल्यात. आता मात्र डॉक्टरांनी साखर सांगितलीये आणि टोचलेलं भरायला वेळ लागतो, तेव्हा आक्का पितळी टोपण घालतात. रागानं घालतात, पण घालतात. माझं मत: अंगुस्तान बोटाला सैल असेल तर नको, घट्ट असेल तरी नको, दुकानात उभं राहून चार घालून बघावीत. आणि वाकळेच्या जाड कोपऱ्यात सुई अडकली की ती बाहेर ओढायला दातांची पक्कड करू नये. सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा बोटांत धरला की सुई सुतासारखी येते. हे मी नणंदेला कळवलं. तिनं तिकडे त्यासाठी रबराची बोटटोपी विकत घेतली होती.

दोरा ओवण्याचं म्हणाल तर चाळिशीनंतर सगळ्यांची एकच कहाणी. पत्र्याच्या चकतीवर बाईचं तोंड उठवलेलं आणि पुढे तारेचा चौकोन, ती ओवायची युक्ती प्रत्येक शिवणाच्या डब्यात असते आणि तार तुटलेली असते. दोऱ्याचं टोक तिरकं कापावं, सुईमागे पांढरा कागद धरावा. ओलावा दोऱ्याला लावण्यापेक्षा नेढ्याला लावला तर दोरा जास्त लवकर जातो, करून बघा. पण या सगळ्यांवर कडी आक्कांची. रविवारी नातू आला की त्या त्याच्यापुढे सुयांचं पाकीट आणि एकच रीळ ठेवतात. तो डझनभर सुया त्या एकाच दोऱ्यात ओवतो, दोरा न तोडता. मग आठवडाभर आक्का एक सुई पुढे ओढतात, हातभर दोरा घेतात, तोडतात. बाकीच्या सुया रिळाशी लोंबत राहतात. नातवाला दर रविवारी वडापावचे पैसे. माझ्या मते अमेरिकेच्या सगळ्या खोक्यात याच्या तोडीचं साधन नव्हतं.

वहिनी एव्हाना फाटकातून आत येऊन पायरीवर बसल्या होत्या. भाजी तशीच.

"गांधीजींचा यंत्रांना विरोध, पण शिवणयंत्राला नाही, माहितीये ना?" त्या म्हणाल्या. "१९२४ साली 'यंग इंडिया'त आलंय. सिंगरनं बायकोला हातानं शिवत बसलेली पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी मशीन शोधलं, म्हणून या यंत्रात त्यांना माया दिसली."

माझ्यासारख्या ग्रंथालयात हयात काढलेल्या बाईसमोर हे बोलायला नको होतं. सिंगरचं चरित्र मी रात्री दोनपर्यंत वाचलेलं.

"वहिनी, गांधीजींचा विचार सुंदर. पण बायको कुठली ते विचारा."

"कुठली म्हंजी?" आक्का तारेवरून अर्ध्या आत आल्या.

"हा आयझॅक सिंगर आधी नाटकात काम करायचा. बॉस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्याचं बिघडलेलं यंत्र पाहून त्यानं ते सुधारलं आणि १८५१ साली स्वतःच्या नावावर पेटंट घेतलं. पैसा आला. मग न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळे संसार. १८६० साली एका संसारातली बाई फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून बग्गीतून जात होती. समोरून दुसरी बग्गी आली. तिच्यात सिंगर आणि दुसऱ्या संसारातली बाई."

"आगं बया!"

"भर रस्त्यात आरडाओरडा. प्रकरण पोलिसांत गेलं, साहेब युरोपात पळाले. मुलं सगळी मिळून वीसच्या वर. शेवटी इंग्लंडात समुद्राकाठी मोठा वाडा बांधायला घेतला आणि १८७५ मध्ये तिथंच वारला."

आक्का थोडा वेळ हिशेब करत राहिल्या. मग म्हणाल्या, "येवड्या पोरांची झबली शिवायची तर मशीन पायजेलच की! दुसरं काय करील त्यो?"

वहिनी हसून-हसून बेजार झाल्या. सावरल्यावर म्हणाल्या, गांधीजींपर्यंत ही बाजू पोचली नसणार. आणि मला विचाराल तर यंत्राचं काही बिघडत नाही. बायकांच्या तासन् तास चालणाऱ्या हातशिवणीचा भार त्यानं उतरवला, मग सिंगरच्या मनात काहीही असो. शिवाय मूळ शोध त्याचा एकट्याचा नव्हेच. टोकाला नेढं असलेल्या सुईचं आणि दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट इलायस हाऊनं १८४६ मध्येच घेतलं होतं. त्यानं सिंगरला कोर्टात खेचलं आणि पैसे वसूल केले. त्याच्याही आधी वॉल्टर हंट नावाच्या माणसानं तसंच मशीन बनवलं होतं, पण पेटंट घेतलंच नाही. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येईल म्हणून मुलीनं अडवलं असं सांगतात. याच हंटनं पुढे १८४९ मध्ये सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि चारशे डॉलरला विकून टाकलं.

"चारशे डालर म्हंजी किती?"

"आता काय त्याचं! पण साऱ्या जगाच्या साड्यांना, लंगोटांना, मंगळसूत्रांना अडकवलेली पिन, आणि त्याला तेवढेच मिळाले."

आक्कांनी नकळत मंगळसूत्राला लावलेल्या पिनांचा झुबका चाचपला. सिंगरच्या कंपनीनं आणखी एक गोष्ट चालवली ती हप्त्यांची, १८५६ पासून. आक्कांचं पायमशीन भिशीच्या पैशावर आलं, मशीनपेक्षा भिशीत कोण किती वेळा बुडालं तेच त्यांना जास्त आठवतं. ती यादी लांब आहे आणि गल्लीतली काही माणसं तिच्यात आहेत, म्हणून इथं देत नाही.

मशीनवर वाकळ शिवावी का, यावर आमचं जमलं नाही. वहिनी शिवतात. त्यांची तक्रार अशी की वरचा पदर सरकतो आणि कडेला चुण्या पडतात. यात त्यांचा दोष नाही. मशीनचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं फूट नुसतं दाबून धरतं. पदर जाड झाले की वरचा मागे राहतो. यावर 'वॉकिंग फूट' नावाचं जोडकाम मिळतं, त्याला स्वतःचे दाते असतात आणि ते वरचं कापडही चालवतं. माझ्या मते मशीनवर वाकळ किंवा गोधडी शिवणाऱ्यानं एवढं एक घ्यावं, बाकीची पंधरा फुटं दुकानदाराला परत करावीत. आपल्या मशीनला बसतं का ते मात्र आधी लावून बघावं. आणि मोठं काम काढताना सुई नवी. बोथट सुई कापडात शिरताना टक-टक आवाज करते; तो आवाज आला की शिवण थांबवावी. बसवताना सुईची लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला. टाके सुटतात म्हणून मेकॅनिक बोलावला जातो त्यातल्या निम्म्या वेळा सुई उलटी असते, हे आमच्या टेलरमामांचं म्हणणं, आणि त्यांनी हे मेकॅनिकसमोर सांगितलं होतं.

आक्का हाताच्याच. चटई नको, टेबल नको. जमिनीवर जुनं लुगडं ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन धोंडे. त्यावर चिंध्यांचे थर, वर पुन्हा लुगडं, मग कच्चे टाके. आणि शिवण कडेपासून आत, चौकोनात चौकोन. नणंद म्हणते तिकडे मधून सुरू करून बाहेर जातात, म्हणजे सैल कापड कडेला ढकललं जातं. मी हे सांगितलं तर आक्का म्हणाल्या, "मधी येक बाई बसल. कडंला चार बसत्यात. येकटीनं वाकळ शिवत्यात व्हय?"

यावर न्यू जर्सीकडे उत्तर नव्हतं. नणंद तळघरात एकटीच शिवते.

"मधी आलं का भाकरीचा तुकडा घालायचा आन् मग शेवटचं टाकं," आक्का पुढे म्हणाल्या. "वाकळंचं प्वाट रिकामं ऱ्हाऊ ने."

"उंदीर?"

"चिमटभर तुकडा वैनी, जेवान न्हाई घालायचं."

वहिनींना त्यावरून आपला मुलूख आठवला. उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोक राहतात, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांच्या बायका कवंदी शिवतात, तीही अशीच कडेपासून आत. चार कोपऱ्यांवर कापडाचे त्रिकोण घडी घालून लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसतील तर ती कवंदी उघडी राहिली असं मानतात. आक्कांनी ते कसं दुमडतात ते पाहायला मागितलं. वहिनींनी रुमालावर करून दाखवलं, दोनदा फसलं, तिसऱ्यांदा आक्कांनीच करून टाकलं.

खुणांसाठी काय वापरता यावर मात्र भांडण नव्हतं. टेलरचा खडू चांगला, पण अंगाच्या साबणाची झिजलेली चिपटी त्याहून चांगली: कड धारदार, गडद कापडावर रेघ ठळक, आणि धुतली की गेली. खोक्यात उष्णतेनं पुसली जाणारी पेनं होती, ती मी बाजूला ठेवली. इस्त्रीनं रेघ जाते हे खरं, पण बर्फाळ गारठ्यात ती परत उमटते. वाकळ तर गारठ्यातच वापरायची. टाचण्या सांडल्या तर जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक. जाड कडा धरायला प्लॅस्टिकच्या खास चिमट्यांची डबी आली आहे, सुबक आहे, पण कपडे वाळत घालायचे लहान चिमटे तेच काम करतात. पिना लावून काम महिनोन् महिने तसंच ठेवू नये, गंजाचा डाग लिंबानंही पुरता जात नाही. तेल मात्र मशीनचंच. खोबरेल घातलं की हिवाळ्यात मशीन गोठून बसतं. आमच्या गल्लीत एकीचं बसलंय. कोण ते तिघींनाही माहीत आहे.

"आता खरं सांगा," निघता निघता वहिनी म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या बंगल्यातली हातशिवण म्हणून प्रदर्शनात गोधड्या विकते, त्या मशीनच्या ना?"

"मागली बाजू बगा," आक्का म्हणाल्या. "हाताचा धावदोरा असंल तर टाका मोडत मोडत जातुया, येक आखूड, येक लांब. मशीनचा टाका पाठपोट सलग. मी उलटी करून बगितलीया."

"कधी?"

"तिनं वाळत घातली तवा."

कऱ्हाडच्या नातीला श्रावणात बाळ होणार आहे, त्याचं दुपटं आक्का यंदा मला सोबत घेऊन शिवणार आहेत. त्रिकोण असलेलं. पण कटर त्यांच्या अंगणात येणार नाही, तिथं पोरं असतात; कापायचं मी माझ्या ओट्यावर आणि तुकडे तारेवरून द्यायचे, असं ठरलं.

"आन् ती लाल छापाची नवी कापडं आदी मिठाच्या पान्यात भिजवून धुवा, कापायच्या आदी," आक्का आत जाताना म्हणाल्या. "न्हाईतर पयल्याच धुन्यात रंगपंचमी हुईल, आन् नाव माजं घेत्याली."

धुतली. पाणी अजून गुलाबीच येतंय. आणखी एकदा धुवावी लागतील.